वांगी रंगाचा ठिपका एकटाच घरी गेला

मित्रांनो, मी एक जुना ठिपका आहे. हसलात ना? ठिपक्याला कसलं आलंय आयुष्य, असंच वाटलं असेल तुम्हांला. पण माझं आयुष्य चांगलं लांबरुंद आहे, आणि त्यात एक दिवस असा आहे की तो आठवला की मला माझीच भीती वाटते. तो दिवस मी सांगणारच आहे. आधी मी कोण, कुठला, ते ऐका. मधेच उठून जाऊ नका.

मी वांगी रंगाचा आहे, मुगाच्या दाण्याएवढा. राहतो फोनमधल्या नकाशावर. रविवारी सकाळी एकत्र सायकली चालवायला जाणाऱ्या काही मंडळींसाठी एक अ‍ॅप तयार झालं, आणि त्यात प्रत्येकाला एकेक ठिपका मिळाला. माणूस पेडल मारू लागला की त्याचा ठिपका सगळ्यांच्या फोनवर सरकू लागतो. म्हणजे मी एकाच वेळी आठ-दहा खिशांत असतो. जमेल का तुम्हांला? मी ज्यांचा ठिपका, त्यांना सगळे काकू म्हणतात. पडदे, उशांचे अभ्रे, सोफ्याची कव्हरं शिवून देणं हा त्यांचा व्यवसाय. पन्नाशी उलटल्यावर गुडघे कुरकुरायला लागले म्हणून त्या सायकल शिकल्या, आणि मग गुडघ्यांनी कितीही कुरकुर केली तरी खाली उतरेनात.

माझा जन्म त्यांच्या जेवणाच्या टेबलावर झाला. जन्मलो तेव्हा मी बटण होतो. काकूंची लेक अ‍ॅप कसं दिसावं आणि कसं वागावं हे ठरवायचं काम करते. कॉम्प्युटरला हात लावण्याआधी ती सगळं कागदावर मांडून बघते. त्या दिवशी तिनं आईचा कापड बेतायचा मोठा खाकी कागद टेबलावर पसरला, शिंप्याच्या खडूनं त्यावर रस्ते काढले, घाट काढला, तळं काढलं आणि बटणांचा डबा उपडा केला. जमलेल्या मंडळींनी आपापलं बटण उचललं. कॅप्टननी सोनेरी घेतलं. कॅप्टन म्हणजे पूर्वी पोहायला शिकवणारे एक गृहस्थ. सायकलींच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे नेहमी तेच. दाताच्या डॉक्टरांनी पांढरं घेतलं, ते सवयीनं. काकू सगळ्यांचं घेऊन होईपर्यंत थांबल्या. मग उरलेला मी त्यांच्या हाती आलो.

"हे कुणाला नको ना? मग ही मी," त्या म्हणाल्या आणि बोटानं मला घाटावर ढकलू लागल्या. मला फार बरं वाटलं.

आता या मंडळींची एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. या रितीला ते 'कोपरा धरणं' म्हणत. कॅप्टन सगळ्यांत पुढे आणि काकू सगळ्यांत शेवटी. काकूंना लाडानं 'शेपूट' म्हणायचे. रस्त्याला वळण आलं, फाटा आला, की कॅप्टनच्या मागचा माणूस तिथं सायकलवरून उतरायचा आणि हात करून मागच्यांना वाट दाखवत उभा राहायचा. काकू दिसेपर्यंत त्यानं हलायचं नाही. काकू दिसल्या की "शेपूट आली!" अशी आरोळी ठोकायची, आणि मगच पुढे निघायचं. पुढच्या फाट्यावर दुसरा. अशानं कधी कुणी मागे राहिलं नव्हतं.

पण उभं राहायचा कंटाळा येतो हो माणसांना! एकदा डॉक्टर बोचऱ्या वाऱ्यात फाट्यावर उभेच, उभेच. काकूंचा पत्ता नाही. त्या मागे कुणाच्या तरी खिडकीतल्या पडद्यांची झालर बघत थांबल्या होत्या. डॉक्टर नाक पुसत म्हणाले, "काकू, मी कोपरा धरला आणि सर्दीनं मला धरलं." सगळे हसले. लेक मात्र तेव्हाच विचाराला लागली. फोनवरच सगळ्यांना सगळे दिसले, तर कोपऱ्यावर कुणी कशाला तिष्ठत राहायला हवं? अ‍ॅपची कल्पना तिथून निघाली.

बटणाचा ठिपका होऊन मी फोनमध्ये राहायला गेलो. पहिले काही रविवार मजेत गेले. मग घाटाची सवारी ठरली आणि घोटाळा झाला. घाटात रेंज नसते. रेंज गेली की मी नकाशावरून नाहीसा व्हायचो. मी नाहीसा झालो की लेकीच्या तोंडचं पाणी पळायचं, आणि ती पुढून आईला फोनावर फोन लावायची.

"दर वळणाला फोन घेऊ की ब्रेक दाबू?" काकू एकदा चांगल्याच वैतागल्या. "मी कुकुलं बाळ आहे का?"

"तू दिसेनाशी होतेस ना आई. माझा जीव टांगणीला लागतो."

"मग मला दिसेनाशी होऊच देऊ नकोस. तुझंच अ‍ॅप आहे ना?"

काकू सहज बोलून गेल्या. लेकीनं ते मनावर घेतलं. माणूस सपाटीवर कसा जातो, चढावर किती मंदावतो, कुठं थांबतो, घरी कोणत्या वाटेनं परततो, हे एव्हाना अ‍ॅपला पाठ झालं होतं. तेव्हा रेंज गेली तर ठिपक्यानं नाहीसं न होता त्याच चालीनं अंदाजानं पुढे जात राहायचं, असं तिनं ठरवलं. या युक्तीला मंडळींनी नाव दिलं 'धीर'. सुरुवातीला अंदाजानं चालताना मी फिका दिसायचो. खऱ्या चालीला गडद, अंदाजाला फिका. ते डॉक्टरांना पटेना. "फिका ठिपका मला बघवत नाही," ते म्हणाले. "आजाऱ्यासारखा दिसतो तो." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. लेकीनं फिका रंग काढून टाकला. त्यानंतर मी कायम गडदच दिसू लागलो. माझ्यामागे काकू आहेत की नुसता अंदाज आहे, हे बघणाऱ्याला कळायची सोय उरली नाही. खरं सांगू? मलाही कळायची उरली नाही.

मित्रांनो, तो काळ माझ्या कौतुकाचा होता. सवारी झाली की प्रत्येकाच्या ठिपक्यामागे त्याची रेघ उमटायची. कॅप्टनची रेघ पट्टीनं आखल्यासारखी. माझी मात्र वेडीवाकडी. काकू चढावर नागमोडी जातात, एखादी खिडकी आवडली तर रस्ता ओलांडून बघायला जातात, दम लागला की हेलकावतात. लोक माझ्या रेघेला हसायचे आणि खाली टाळ्या पाठवायचे. अ‍ॅपमध्ये टाळ्या पाठवता येतात. 'शाब्बास काकू', 'काकू जोरात' अशा टाळ्या मी काकूंच्या फोनवर नेऊन द्यायचो, आणि त्या चष्मा लावून एकेक वाचायच्या.

हळूहळू कोपरा धरणं बंद झालं. बंद करू या असं कुणी म्हटलं नाही. एका रविवारी एकजण थांबला नाही, पुढच्या रविवारी दोघं. नंतर फाटे मोकळेच राहू लागले. फोन दाखवतोय की सगळं, मग उगाच पाय कशाला मोडायचे?

एक विचित्र गोष्ट मात्र मधे घडली. तेव्हाच सगळ्यांनी जागं व्हायला हवं होतं. डॉक्टरांनी शनिवारी अ‍ॅपमध्ये 'येतो' म्हणून कळवलं आणि रविवारी ताप आला म्हणून ते घरीच झोपले. फोनची बॅटरी संपलेली. अ‍ॅपला वाटलं, यांची रेंज गेली. झालं! पांढरा ठिपका आपला सगळ्यांबरोबर निघाला. घाट चढला, तळ्याकाठी थांबला, परत आला. कॅप्टननी त्याला टाळ्यासुद्धा पाठवल्या. दुपारी डॉक्टरांनी फोन चालू केला आणि त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला.

"अहो, मी पांघरुणात आणि मी घाटात!" ते पुढच्या आठवड्यात सांगत होते. "आणि तो मी माझ्यापेक्षा बरा चालवतो."

सगळे पोट धरून हसले. लेकही हसली. हे दुरुस्त करायला हवं, असं म्हणाली आणि दुसऱ्या कामाला लागली. मी त्या दिवशी पांढऱ्या ठिपक्याच्या शेजारून चाललो होतो. त्याच्या चालीत मला काहीच वेगळं जाणवलं नव्हतं, हे मी तेव्हा कुणाला सांगू शकलो नाही.

आता तो दिवस सांगतो. जवळ या.

धुकं असं होतं की पुढच्याच्या सायकलचा मागचा लाल दिवा तेवढा दिसायचा, आणि तोही लगेच बुजायचा. कुणी परत जाऊ या म्हणालं नाही, कारण फोनवर सगळे रंगीत ठिपके नीट रांगेत दिसत होते. घाट सुरू झाला. काकू नेहमीप्रमाणे शेवटी. त्यांचा दम मला कळत होता. माझी रेघ डावी-उजवीकडे हेलकावत होती. एका वळणावर त्या अंमळ जास्तच कडेला गेल्या. आणि मग माझं चालणं एकदम सोपं झालं.

ते मी कसं सांगू तुम्हांला? हेलकावे थांबले. दम लागेना. खिडक्या बघायला थांबावंसं वाटेना. मी चढ चढत होतो, त्यांच्याच चालीनं, त्यांच्याच वेगानं, पण मला काही म्हणजे काही जड वाटत नव्हतं. आज काकूंना चढ बरा जमला, असंच मला वाटलं. मी घाट उतरलो, तळ्याकाठच्या हॉटेलाकडे वळलो आणि नेहमीच्या ठिकाणी जाऊन थांबलो. तिथं सगळे चहा घेत होते. त्यांच्या फोनवर नाव झळकलं, 'काकू आल्या'. सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. दारात नुसतं धुकं होतं.

"आई कुठाय?" लेकीनं विचारलं.

"ही काय, इथंच आहेत." कॅप्टननी फोन पुढे केला. मी त्यांच्या आणि लेकीच्या ठिपक्याच्या मधोमध होतो. दोघांनी मान उचलून मधल्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

"मागे तोंड धुवायला गेल्या असतील," डॉक्टर म्हणाले.

लेक मागे जाऊन आली. तिथं कुणी नव्हतं. तिनं आईला फोन लावला, तो लागेना. घाटातली रेंज म्हणजे कटकट आहे नुसती, असं कुणीतरी पुटपुटलं. "पण इथं रेंज आहे," लेक म्हणाली, "म्हणजे हा ठिपका खरा आहे. इथं अंदाज कशाला चालेल?" ती स्वतःलाच समजावत होती. फोन फुटून बंद पडला, तर जगभर रेंज असून काय उपयोग, हे तिच्या डोक्यात आलं नाही. हा दिलासा तिनंच तयार केला होता, आणि त्या घडीला त्याची सगळ्यांत जास्त गरज तिलाच होती.

तेवढ्यात मी निघालो. परतीची वाट घाटातून नाही, तळ्याला वळसा घालून सपाटीवरून जाते. परतताना काकू सगळ्यांच्या आधी निघतात, म्हणजे मागे पडायला नको. अ‍ॅपला तेही पाठ होतं. लेक फाटकापर्यंत धावत आली.

"गेली पण! चहा न घेता?"

"रुसल्या असतील," कॅप्टन म्हणाले. "आपण त्यांच्यासाठी थांबलो नाही ना."

"मग आज माझं काही खरं नाही," लेक म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला होता. रुसलेली आई म्हणजे धडधाकट आई.

सगळे माझ्या मागे निघाले. लेक सगळ्यांत जोरात. धुक्यात तिनं मला गाठलं. नकाशावर तिचा ठिपका आणि मी एकमेकांना चिकटलो. ती बाजूला बघत म्हणाली, "आई?" बाजूला ओला रस्ता होता, त्यावर एका सायकलचाही माग नव्हता. तिनं वेग कमी केला. मी तिच्या शेजारून चालत राहिलो. तिनं घंटी वाजवली. एकदा, परत एकदा. उत्तर आलं नाही. मागून आलेले कॅप्टन म्हणाले, "तळ्याच्या खालच्या रस्त्यानं जात असतील. नकाशा जरा इकडेतिकडे दाखवतो." मग ती दोघं खालच्या रस्त्याकडे तोंड करून हाका मारत माझ्या बरोबरीनं चालू लागली. मी दोघांच्या मधे होतो. कुणाशी बोलताय, असं विचारावंसं मला वाटत होतं.

लेकीला ते सहन होईना. तिनं पेडल मारलं आणि मला मागे टाकून ती सरळ घरी गेली. दाराला कुलूप. तिनं ते काढलं, दार सताड उघडं ठेवलं आणि उंबऱ्यावर बसून फोनमध्ये बघू लागली. मी येतच होतो. मोठा रस्ता झाला. मग दवाखान्याचा कोपरा, मग गल्ली. लेक उठून उभी राहिली. मी फाटकातून आत आलो. फाटक वाजलं नाही. मी अंगणातून पायऱ्यांकडे आलो. तिनं फोनवरून नजर उचलून पायऱ्यांकडे पाहिलं, परत फोनमध्ये पाहिलं, आणि दारातून बाजूला सरकली. का सरकली ते तिचं तिलाच ठाऊक. मी तिच्या अंगावरून आत गेलो. काकू बाहेरून आल्या की आधी स्वयंपाकघरात जाऊन पाणी पितात, म्हणून मीही ओट्यापाशी जाऊन थांबलो.

सगळ्यांच्या फोनवर एकदम अक्षरं उमटली: 'काकू सुखरूप पोहोचल्या.' मग टाळ्यांचा पाऊस. 'आज काकूंनी कमाल केली!' 'आजवरची सगळ्यांत सरळ रेघ!' 'काकू फॉर्मात!' मी त्या टाळ्या काकूंच्या फोनवर द्यायला गेलो, तर पलीकडे फोनच नव्हता. एवढ्या टाळ्या घेऊन मी उभा होतो आणि त्या कुणाला द्यायच्या ते मला कळत नव्हतं.

"आई," लेक स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. ओट्यावर सकाळचा उपडा घातलेला पेला होता. कुणीही ओ दिली नाही. मी तिच्या अगदी समोर होतो. त्या क्षणी ती ज्या नजरेनं फोनकडे बघत होती, तसं माझ्याकडे पुन्हा कुणी न बघो.

मग ती जेवणाच्या टेबलापाशी बसली आणि तिनं माझी रेघ उघडली. सकाळपासूनची, घरापासून घरापर्यंतची. 'आजवरची सगळ्यांत सरळ रेघ' हे कुणाचे तरी शब्द तिच्या डोक्यात अडकले होते. तिची आई सरळ कधी चालली होती? तिनं बोटांनी नकाशा मोठा केला. घाटाच्या पायथ्याशी रेघ हेलकावत होती. टाका लहान, टाका मोठा, जरा तिरका, जरा ओढलेला. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या हाताखाली वाढलेली मुलगी ती. हे हातानं घातलेले टाके, हे तिनं लगेच ओळखलं. एका वळणापर्यंत ते तसेच होते. त्या वळणापासून पुढे मात्र मशीनची शिवण होती. सगळे टाके एकसारखे, घरापर्यंत.

"इथवर आई आहे," ती मोठ्यानं म्हणाली. आणि मग तिला रडू फुटलं, पण रडत बसायला वेळ नव्हता.

तिनं फोन लावताच कॅप्टनची गाडी आली. डॉक्टर त्यात आधीच बसले होते. वाटेत डॉक्टरांनी एकदा, "दाताचा असलो तरी डॉक्टर आहे मी," असं कारण नसताना सांगितलं. ती तिघं त्या वळणावर उतरली तेव्हा धुकं तसंच होतं. लेकीनं हाक मारली, कॅप्टननी मारली. मग सगळे गप्प राहून ऐकू लागले. आणि खालून, झुडपांच्याही खालून, सायकलची घंटी वाजली. एकदा. बऱ्याच वेळानं परत एकदा.

काकू जिवंत होत्या. मांडीचं हाड मोडलं होतं, अंग गारठून निळं पडलं होतं, फोनचे दोन तुकडे झाले होते. सायकल त्यांच्या अंगावर होती आणि अंगठा घंटीवर. डॉक्टरांनी आपलं जाकीट त्यांच्याभोवती गुंडाळलं. लेकीनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

"किती हाका मारल्या गं मी," काकू म्हणाल्या. आवाज बसला होता. "फाटा इथंच पुढे आहे ना. म्हटलं, धुकं आहे, आज तरी कोपऱ्यावर कुणीतरी उभं असेल."

कॅप्टननी वर रस्त्याकडे पाहिलं. पुढचा फाटा खरंच तिथून दिसेल इतका जवळ होता. धुक्यातसुद्धा हाक पोहोचली असती. तिथं कुणीच उभं नव्हतं, कारण माझ्याकडे बघून सगळे निर्धास्त पुढे निघून गेले होते.

दवाखान्यात हाडात सळई घातल्यावर चार-आठ दिवसांनी काकूंनी लेकीकडे फोन मागितला. चष्मा लावून त्यांनी माझी त्या दिवसाची रेघ पाहिली. बोट हळूहळू फिरवत त्या वळणापाशी आल्या आणि थांबल्या. "इथवर मी," त्या म्हणाल्या. मग त्यांचं बोट पुढच्या सरळ रेघेवर गेलं, तळ्याकाठी गेलं, घरापर्यंत गेलं. "आणि मग हे कोण गेलं गं?"

मित्रांनो, मी घाट चढलो, तळ्याकाठी थांबलो, घरात शिरलो, हे मला लख्ख आठवतं. पण तो मी कोण होतो, हे मला सांगता येत नाही. त्या रेघेखालच्या टाळ्या अजून तशाच पडून आहेत. काकूंनी त्या वाचल्या नाहीत, आणि पाठवणाऱ्यांनाही त्या परत घेता येईनात.

घरी येताच लेकीनं पहिलं काम केलं ते अ‍ॅपमधला 'धीर' काढून टाकायचं. आता रेंज गेली किंवा फोन बंद पडला की मी जिथं शेवटचा खरा होतो तिथंच थांबतो. माझा रंग उडतो, मी आतून पोकळ होतो, आणि माझ्याशेजारी 'माहीत नाही' अशी अक्षरं येतात. डॉक्टर म्हणाले, "अगं, लोक घाबरतील."

"घाबरू देत," लेक म्हणाली. "घाबरले तर मागे वळून बघतील."

पुढच्या रविवारपासून फाट्याफाट्यावर माणसं उभी राहू लागली. डॉक्टर सर्दीचं औषध खिशात घेऊन उभे राहतात. कॅप्टन पुढे जायचे थांबले; शेपटाची जागा त्यांनी मागून घेतली. मी या सगळ्यात कुठं नसतो. काकू सायकलवर बसत नाहीत, म्हणून मला काम नाही. दोन-तीन महिन्यांतच लेकीनं फोन बदलला, अ‍ॅप बदललं, ठिपक्यांच्या जागी आता लोकांचे फोटो सरकतात. मी उरलोय तो फक्त लेकीच्या जुन्या फोनमध्ये, पोकळ, एका जागी. बरं आहे तसं. माहीत नाही म्हणायला किती हलकं वाटतं, हे ज्यानं नको तेवढा दिलासा दिलाय त्यालाच कळतं.

तेव्हा मित्रांनो, या जुन्या ठिपक्याचं एवढं ऐका. आम्हांला जीव लावा, स्वच्छ ठेवा, दुरुस्त ठेवा, पण आम्ही 'पोहोचल्या' म्हटलं म्हणून माणूस पोहोचलं असं समजू नका. आम्ही पोहोचतो. आम्हांला पोहोचायला कुणी लागत नाही.

परवाच काकू पहिल्यांदा वॉकर घेऊन उभ्या राहिल्या. लेकीनं हौसेनं जुना फोन काढला, मला जागं केलं आणि फोन वॉकरच्या पिशवीत ठेवला. पलंगापासून खिडकीपर्यंत जायचं होतं. काकूंनी वॉकर पुढे टेकवला, पाय उचलला, ओठ चावला, पाय टेकला. मी हललो नाही. एवढं लहान अंतर अंदाजाशिवाय मला दिसतच नाही. त्यांनी दुसरा पाय उचलला. त्या डावीकडे झुकल्या, सावरल्या, उजवीकडे झुकल्या. मी अंदाज केला नाही. बऱ्याच वेळानं त्या खिडकीशी पोहोचल्या आणि पडदा धरून धापा टाकत उभ्या राहिल्या.

"किती झालं गं?" त्यांनी विचारलं. "बघ की त्यात."

"मला काय माहीत," लेक म्हणाली. "मी तुझ्याकडे बघत होते."